सरांचं शेड्यूल सरांपुरतंच: आमच्या सभासदांसाठी माहितीपत्रक

जिमची फी भरून पावती हातात पडायच्या आधीच काउंटरवर प्रश्न येतो, "सर करतात तेच मला लिहून द्या की." कुणी ट्रेनर सरांच्या डाएटचा फोटो मागतं, कुणी सरळ त्यांच्या शेजारी उभं राहून त्यांच्याच वजनाला हात घालतं. रोज तेच उत्तर देण्यापेक्षा एकदाचं छापून काढलं.

ट्रेनरकडे बघून हुरूप येतो, यात गैर काही नाही. आपल्याकडे तालमींची जुनी सवय आहे. वस्ताद स्वतः लाल मातीत उतरले की पोरं न सांगता जोर-बैठकांना लागायची. आमच्याकडेही ट्रेनर सेट संपला की प्लेटा काढून जागेवर ठेवतात, बाक पुसतात. त्याची पाटी आम्ही भिंतीवर लावली होती, तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही; सरांचं बघून मात्र आता बहुतेक जण ठेवतात. (टॉवेलचं तेवढं राहिलंय. सोलापुरात राहून टॉवेल नाही म्हणणं शोभत नाही.)

घोटाळा होतो तो सरांच्या व्यायामाच्या वहीची नक्कल करताना. ट्रेनर आज जे वजन उचलतात, तिथवर यायला त्यांना कित्येक वर्षं लागलीत. स्नायूंत ताकद त्यामानाने लवकर येते. स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरा मात्र सावकाश तयार होतात. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारेही आधी सराव करतात, संक्रांतीला एकदम काठी उचलत नाहीत.

नवा सभासद पहिल्याच दिवशी सरांचा लेग डे (पायांचा व्यायाम) करतो: स्क्वॉट, लंजेस, लेग प्रेस, सगळं. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. नव्या व्यायामानंतर 24 ते 72 तास अंग दुखणं स्वाभाविक आहे, पण असा अतिरेक केला की आठवडा जातो. मग लाजेनं पुढचाही जातो, आणि महिना संपतो तेव्हा कार्डावर दोन-तीनच हजेऱ्या असतात. फी आम्हाला मिळालेली असते, पण न येणारा सभासद पुन्हा पैसे भरत नाही, तेव्हा नुकसान दोघांचंही. अतिव्यायामानंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर मात्र आम्हाला फोन करत बसू नका, तडक डॉक्टरांकडे जा.

खाण्याचंही तसंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2020 च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाला साधारण 50 ग्रॅम. नेमानं वजनं उचलणाऱ्याला याहून जास्त लागतात, पण म्हणून 85 किलोच्या ट्रेनरची अंडी मोजून तुम्ही खायची गरज नाही. एका अंड्यात जवळपास 6 ग्रॅम असतात, मूठभर शेंगदाण्यांतही तेवढीच. डाळ, दही, ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी या सगळ्याचा हिशोब आधी लावू, प्रोटीन पावडरच्या डब्याचं नंतर बघू. आणि सर संध्याकाळी भजीच्या गाड्यावर दिसले, तर तीही डाएटमध्ये आहे असं समजू नका. ते त्यांचं खासगी आयुष्य.

म्हणून आमची पद्धत अशी: पहिला महिना आठवड्यातून तीन दिवस, पूर्ण शरीराचा हलका व्यायाम. काहींना हे बालवाडीसारखं वाटतं, शेजारच्या जिममध्ये पहिल्याच दिवशी छाती-ट्रायसेप्स देतात असंही ऐकवतात. देऊ देत. आम्ही आधी बसणं, वाकणं, उचलणं बघतो, मगच वजन चढवतो. "सर स्वतः व्यायाम करतात तरी का?" असंही विचारलं जातं. करतात, जिममध्ये गर्दी नसताना. सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत त्यांचे डोळे तुमच्या कंबरेवर हवेत, आरशातल्या स्वतःच्या दंडावर नकोत.

आणखी एक गोष्ट. घरी गेलात की तुम्हीच सर होता. इथं शिकलेले स्क्वॉट गुडघेदुखीच्या आईकडून करून घेणारे बरेच जण आहेत. हेतू चांगला, गुडघा आईचा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. त्यातलं चालणं तुम्ही आईसोबत खुशाल सुरू करा. उन्हाळ्यात सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत. ताकदीच्या व्यायामासाठी त्यांना एकदा इकडे घेऊन या. दुपारी महिलांची वेगळी बॅच असते, महिला ट्रेनर असतात, पहिल्या दिवसाची फी घेत नाही.

येताना जुनं दुखणं, शुगर, बीपी, झालेली ऑपरेशनं यांचे कागद आणा आणि लपवू नका. तुमचं कार्ड दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बदलून मिळतं. त्यासाठी गर्दीच्या वेळा टाळून या.