ह्यूमस (जंगलमातीतला)

जंगलात पालापाचोळा हाताने बाजूला सारला की खाली जी काळसर भुसभुशीत माती लागते, तिला तो काळेपणा ज्याच्यामुळे येतो तो ह्यूमस. शब्द लॅटिन, अर्थ नुसता 'जमीन'. पानं, काटक्या, मुळं, मेलेले किडे कुजून मूळ आकार ओळखू येईनासा झाला की त्याला ह्यूमस म्हणायचं, इथपर्यंत सगळ्यांचं जमतं.

भांडण पुढे आहे, की हा नेमका पदार्थ तरी कोणता? १७८६ मध्ये आखार्ट या जर्मन रसायनज्ञाने पीट, म्हणजे दलदलीत साठलेला अर्धवट कुजका पाला, अल्कलीत भिजवून गडद द्रावण काढलं आणि त्यात ॲसिड घातल्यावर काळा साका खाली बसला. तेच पुढे ह्युमिक ॲसिड झालं (आज कृषी सेवा केंद्रात डब्यात मिळतं ते याच घराण्यातलं). ॲसिडमध्येही विरघळलेलं राहतं ते फुल्विक, अल्कलीलाही दाद देत नाही ते ह्युमिन, अशी वाटणी झाली आणि ती पाठ्यपुस्तकांत अजून आहे. समज असा की सूक्ष्मजीव लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) अर्धवट फोडतात, ते प्रथिनांना चिकटतं आणि सहजी न कुजणारे मोठे किचकट रेणू तयार होतात. हे लिग्निन-प्रथिन मत मांडणारा वॅक्समन (हाच तो, स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चं नोबेल मिळालेला) १९३६ च्या ग्रंथात स्वतःच सांगून गेला होता की ही नावं ठराविक संयुगांची नाहीत, काढायच्या पद्धतीतून हाती आलेल्या मालाची आहेत. ते फारसं कुणी मनावर घेतलं नाही. २०१५ मध्ये लेमन आणि क्लेबर या मृदाशास्त्रज्ञांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात तोच मुद्दा जोरात मांडला, की मातीत असे खास नवे रेणू नसतातच, असतो तो मोठ्या तुकड्यांपासून बारीक रेणूंपर्यंत कुजत चाललेला माल, आणि तो टिकतो कारण चिकणमातीच्या कणांना चिकटतो किंवा ढेकळात सूक्ष्मजीव पोचणार नाहीत अशा जागी अडकतो. अल्कलीवाल्यांना हे पटलेलं नाही, वाद चालू आहे. पण ह्युमिक ॲसिड काढायला लागतो इतका कडक अल्कली जंगलातल्या कुठल्याच मातीत नसतो, हे लक्षात घेतलं तर लेमन-क्लेबर यांचं मत जास्त सरस वाटतं.

जंगलापुरतं बोलायचं तर डॅनिश वनाधिकारी म्युलरची विभागणी जास्त कामाची. १८७०-८० च्या दशकांत त्याने बीच वृक्षांच्या जंगलात दोन प्रकार दाखवले: गांडुळांनी पाला मातीत कालवलेला 'मल' (इंग्रजीत mull), आणि आम्लयुक्त, बुरशीने विणलेला, मातीवर वेगळा थर होऊन बसलेला 'मोर'. मधला 'मोडर' नंतर आला.

कुजवण्याचं जड काम बुरशीचं. लिग्निन पूर्ण फोडणं मुख्यतः पांढऱ्या कुजीच्या (लाकूड कुजवून पांढरं पाडणाऱ्या) बुरशांनाच जमतं. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासात मोठा वाटा जिओस्मिन या रसायनाचा, तो ॲक्टिनोमायसीट जिवाणूंचा उद्योग. झाडाच्या मुळांशी बुरशीची भागीदारी असते तिला फ्रँक या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मायकोरायझा नाव दिलं. ह्यूमसचा बराच भाग पानांचा नसून मेलेल्या सूक्ष्मजीवांच्याच अवशेषांचा असतो असं अलीकडे मानतात, प्रमाण मात्र मातीगणिक बदलतं.

सह्याद्रीत ऊब आणि ओल दोन्ही असल्याने पावसाळ्यात पाला भराभर जिरतो, म्हणून सदाहरित रानातही युरोपातल्यासारखा जाड थर सहसा साचत नाही, जे टिकतं ते चिकणमाती आणि लोहाच्या ऑक्साइडांना धरून. भीमाशंकरला पावसाळी रात्री कुजक्या फांद्या हिरवट चमकतात, ती बुरशीच. वाळवीचाही हात मोठा, काही जाती वारुळात चक्क बुरशीची शेती करतात, गोव्यात पावसाळ्यात रोणाची अळमी म्हणून खातात ती याच बुरशीची छत्री. कित्येक देवरायांत पडलेली काटकीसुद्धा उचलायची नाही असा दंडक असल्याने पाला जागीच कुजतो, तर कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी ऐन-किंजळीचे टाहाळ तोडून राब भाजतात तिथे तोच पाला जंगलातून निघून शेतात राख होतो.