होख स्युन

होख स्युन : काश्मीर खोऱ्यात हिवाळ्यासाठी वाळवून ठेवलेल्या भाज्या. काश्मिरीत ‘होख’ म्हणजे वाळलेले आणि ‘स्युन’ म्हणजे भाजी. परसातल्या सलगम-मुळ्यासारख्या भाज्या न वाळवता जमिनीत पुरूनही ठेवतात. त्यांना होख स्युन म्हणत नाहीत, पण दोन्ही कामे एकाच बेगमीची असल्याने येथे एकत्र घेतली आहेत.

श्रीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मी. उंचीवर आहे. २१ डिसेंबरला ‘चिल्लई कलान’ हा कडाक्याच्या थंडीचा चाळीस दिवसांचा काळ सुरू होतो. त्यानंतर वीस दिवसांचा चिल्लई खुर्द आणि दहा दिवसांचा चिल्लई बच्चा येतो. या दिवसांत परसात फारसे काही उगवत नाही. त्यातच जम्मू–श्रीनगर रस्ता रामबन-बनिहालच्या टापूत बर्फाने किंवा दरडींनी बंद पडला, की खालून येणारी भाजीही थांबते. १९५६ मध्ये जवाहर बोगदा सुरू होण्यापूर्वी तर बनिहालची खिंड चढूनच पलीकडे जावे लागे. अशा वेळी घरात साठवलेल्या भाजीवरच भागवणे आले.

महाराष्ट्रात वाळवणे घालायची ती पावसाच्या धाकाने, चैत्र-वैशाखात. काश्मीरमध्ये धाक बर्फाचा, त्यामुळे काम सुरू होते ते श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास. नैर्ऋत्य मोसमी वारे पीर पंजालची डोंगररांग बऱ्याच अंशी अडवते. त्यामुळे कोकणात झड लागलेली असते तेव्हा तेथे वाळवणापुरते ऊन मिळू शकते, आणि पुढे ‘हरुद’ म्हणजे शरद ऋतू सहसा कोरडा जातो.

काय वाळवायचे आणि काय पुरायचे हे भाजीच्या प्रकृतीवर ठरते. दुधी, वांगी, टोमॅटो ही पाणीदार फळे फार दिवस टिकत नाहीत, म्हणून त्यांतले पाणीच काढून टाकतात. दुधी सोलून त्याच्या लांब पट्ट्या काढतात (अल हच्छ). वांग्याला देठ राखून उभ्या चिरा देतात (वांगन हच्छ). देठाशी फाके जोडलेले राहिल्याने ते दोरीवर नीट टांगता येते. टोमॅटो चिरून पसरतात (रुवांगन हच्छ). शरदात निघालेल्या सलगमच्या गोल चकत्या दोऱ्यात ओवतात, त्यांना ‘गोगजि आरे’ म्हणतात. लाल मिरच्यांच्या माळा याच सुमारास खिडक्यांबाहेर दिसू लागतात. पालक आणि ‘हंद’ ही रानभाजीही सुकवतात. दुधीत नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, त्यामुळे टोपलीभर दुधीचे वाळल्यावर जेमतेम मूठभर होते. मोडताना कुरकुरीत तुटेपर्यंत भाजी वाळायला हवी. आत ओल राहिली तर बुरशी धरते आणि सगळी पिशवी टाकावी लागते.

पुरण्याचे तंत्र अगदी उलट आहे. सलगम, मुळा, गाजर, नवलकोल यांना जिवंतच ठेवायचे असते. पहिल्या कडक गोठणाआधी ते उपटून त्यांचा पाला छाटतात, कारण पाने राहिली तर कंदातले पाणी ओढून घेतात. ओरखडा पडलेला किंवा किडका कंद वेगळा काढून आधी खातात. मग परसातच खड्डा खणून त्यात गवत किंवा पेंढा घालतात, कंद रचतात आणि वरून पुन्हा पेंढा व माती लोटतात. वरची माती गोठली तरी खाली तापमान शून्याच्या थोडे वरच राहते. ओलावाही असतो, त्यामुळे कंद सुरकुतत नाहीत आणि त्यांना कोंब फुटायलाही वेळ लागतो. शीतगृहही याच तत्त्वावर चालते. येथे विजेचे बिल तेवढे नाही. नवलकोलाचे मोहरीच्या तेलातले ‘आंचार’ म्हणजे लोणचे बरण्यांत भरले जाते ते वेगळेच.

शिजवण्यापूर्वी सुकी भाजी गरम पाण्यात भिजवून, धूळ जाईपर्यंत दोन-तीनदा धुतात. दुधीच्या पट्ट्या मटणात किंवा डाळीत पडतात. काश्मिरी पंडितांच्या स्वयंपाकात बडीशेप, सुंठ आणि हिंग यांचा हात असतो. ताज्या दुधीला नसलेला चिवटपणा आणि दाट चव वाळल्यावर येते, आणि या भाजीचे चाहते खातात ते त्यासाठीच.

उन्हात वाळवताना ‘क’ जीवनसत्त्व बरेचसे जाते. तंतू आणि खनिजे उरतात. काश्मीरमध्ये अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त आढळल्याने संशोधकांनी तेथील आहार तपासला. सुक्या भाज्या, सुके मासे आणि मिठाचा चहा यांच्या काही नमुन्यांत कर्करोगाशी संबंध जोडली जाणारी नायट्रोसोवर्गी संयुगे सापडली. तेवढ्यावरून सुकी भाजीच रोगाचे कारण ठरवणे घाईचे होईल. नीट न वाळलेली, बुरसटलेली भाजी टाळण्याचा सल्ला मात्र रास्त आहे.

२०२१ मध्ये बनिहाल–काझीगुंड बोगदा खुला झाला आणि जून २०२५ मध्ये कटऱ्याहून श्रीनगरपर्यंत रेल्वे धावू लागली. पंजाबकडची ताजी भाजी आता हिवाळ्यातही पोहोचते, त्यामुळे वाळवणाची निकड ओसरली आहे. मागणी मात्र टिकून आहे: श्रीनगरच्या बाजारात थंडीत सुक्या भाज्यांच्या माळा टांगलेल्या दिसतात आणि ताज्या भाजीहून महाग विकल्या जातात. १९९० नंतर खोरे सोडून पुण्या-मुंबईसह देशभर विखुरलेल्या पंडित घरांतही ही चव गेली आहे. पुण्यात दुधी बाराही महिने ताजा मिळतो, तरी अल हच्छची गरज तो भागवत नाही.