विरंगुळा वेगळा, टाइमपास वेगळा

"मी आता टाइमपास पूर्ण बंद केलाय," असं सांगणारा एक तरी माणूस मला दर महिन्याला भेटतो. खोदून विचारलं की कळतं, रील बंद केलेत आणि त्यासोबत कट्ट्यावर बसणं, घरच्यांबरोबर आठची मालिका, हुरड्याला रानात जाणं हेही बंद केलंय. महिनाभरात माणूस चिडचिडा होतो आणि रील परत सुरू होतात. विरंगुळा आणि टाइमपास एकाच पोत्यात भरले की हे असं होतं.

टाइमपास काय ते सांगायला नकोच. जेवण झालं की अंगठा वर सरकायला लागतो. "काय करालास?" "काय नाही, रील बघालोय." 2020 च्या जूनअखेरीस टिकटॉकवर बंदी आली तेव्हा अनेक आयांना सुटल्यासारखं वाटलं होतं. जुलैत इन्स्टाग्रामचे रील आले. अ‍ॅप बदललं, अंगठा तोच.

पडदा आहे की नाही, फुकट की तिकीट काढून, एकट्याने की चौघांत, हे फरक किरकोळ आहेत. पण "मी माहितीचंच बघतो" हे मला फार खटकतं. एकामागून एक चाळीस माहितीचे व्हिडिओ बघून उठलेल्याला त्यातले चार सांगता येत नसतील, तर तोही टाइमपासच.

खरा फरक शेवटाचा आहे. विरंगुळा आपला आपण संपतो. हुरड्याचंच घ्या. ज्वारीचा दाणा कोवळा असतो तो थोडेच दिवस, मग निबर होतो. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव, त्यात कणसं खुपसलेली. भाजलेलं कणीस गरम असतानाच तळव्यांत चोळायचं, फुंकर मारून कोंडा उडवायचा, हिरवा दाणा शेंगाचटणीबरोबर तोंडात. मागच्या थंडीत भाचा तिथेही मोबाइल घेऊन बसला होता. त्याच्या हातात कणीस दिलं तेव्हा मोबाइल खिशात गेला, कारण चोळायला दोन्ही हात लागतात. पोट भरलं, आगटी विझली, माणसं उठली. 'आता बास' असं कोणाला म्हणावं लागलं नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतही शोभेचं दारूकाम झालं की होम मैदानावरची गर्दी आपोआप पांगते. आणि आठची मालिका साडेआठला संपते. गोष्ट कितीही रटाळ असो, तिला मी टाइमपास म्हणणार नाही.

रीलमधून हा शेवट मुद्दाम काढून टाकलाय. पूर्वी इंटरनेटवर पान संपायचं, खाली 'पुढचं पान' असायचं, तिथे बोट क्षणभर अडायचं. 2006 मध्ये एझा रास्किन या डिझायनरने न संपणारं स्क्रोल तयार केलं. पुढे त्यांनीच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. अडायची जागाच गेली की थांबायचं सगळं ओझं मनावर येतं. दिवसभर यंत्रमागापाशी उभ्या राहिलेल्या माणसात रात्री दहाला ती ताकद कुठून येणार? म्हणून "मनावर ताबाच नाही" असं पोरांना टोचून बोलणाऱ्यांचा मला राग येतो. पोरांच्या हातात दिलेली वस्तूच तशी घडवलेली आहे.

आणि म्हणूनच नुसतं सोडून भागत नाही. मी रील बंद केले तेव्हा साडेनऊ ते अकरा हा वेळ अंगावर यायचा. पहिले चार दिवस मी घरात नुसता येरझारा घालत होतो. पाचव्या दिवशी आईने चटणीसाठीच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढ्यात सरकवलं. ती गावाकडचं बोलत होती, मी फोडत होतो. सूप रिकामं झालं तेव्हा पावणेअकरा वाजले होते. टरफलं गोळा केली आणि झोपलो.