बोट्स्वानाचा हिरे-आधारित विकास

बोट्स्वाना हा दक्षिण आफ्रिकेच्या उत्तरेचा, समुद्रकिनारा नसलेला देश. ३० सप्टेंबर १९६६ रोजी तो ब्रिटिश अंमलातून स्वतंत्र झाला, तेव्हा तिथे डांबरी रस्ता जेमतेम १२ किमी. होता आणि सरकारचा दैनंदिन खर्चही ब्रिटिश अनुदानावर चाले. १९६७ मध्ये ओरापा येथे हिरे असलेला किंबर्लाइट खडक सापडला. खनिजसंपत्तीमुळे यादवीत वा उधळपट्टीत बुडालेल्या देशांच्या यादीत बोट्स्वाना गेला नाही, याचे मोठे श्रेय नेतृत्वाला आहे. कारखानदारी उभारणे मात्र त्या नेतृत्वालाही साधले नाही.

पहिले राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा हे बामांग्वाटो जमातीच्या गादीचे वारस. ओरापा याच जमातीच्या मुलखात येते. तरीही १९६७ च्या कायद्याने खनिजांवरील हक्क जमातींकडून राज्याकडे आला. खाण १९७१ मध्ये सुरू झाली, म्हणजे पैसा हाती येण्याआधीच वाटणीचा प्रश्न मिटला होता. उत्पन्न सुरू झाल्यावर असा कायदा करणे फार अवघड गेले असते. हिरे-उद्योगातील बड्या डी बिअर्स कंपनीबरोबरच्या खाण कंपनीत सरकारचा हिस्सा सुरुवातीला १५ टक्के होता. १९७५ मध्ये तो ५० टक्के झाला. ज्वानेंगची अतिसमृद्ध खाण १९८२ मध्ये सुरू झाली. लाभांश, १० टक्के स्वामित्वधन (रॉयल्टी) आणि कर अशा तिन्ही वाटांनी नफ्याचा बहुतांश भाग तिजोरीत येतो.

खामा यांच्यानंतर क्वेट मासिरे (१९८०–१९९८) यांनी हाच शिरस्ता पाळला. राष्ट्रीय विकास योजनेत नसलेल्या प्रकल्पाला संसदेच्या मंजुरीशिवाय पैसा मिळत नसे. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या रँडऐवजी पुला हे स्वतःचे चलन आले, त्यामुळे १९८१-८२ च्या हिरेमंदीत अवमूल्यन करता आले. जोडीला पगारवाढ गोठवली गेली. १९९४ पासून शिल्लक पैसा पुला निधीतून परदेशात गुंतवला जातो. पुढे नियम ठरला, की खनिजांचे उत्पन्न केवळ गुंतवणुकीवर खर्चावे. शिक्षण-आरोग्याचा चालू खर्चही गुंतवणूकच मानावा. यातली खोट अशी, की बांधकाम चांगले असो वा वाईट, हिशेबात ते गुंतवणूकच ठरते. ६०० मेगावॉटचे मोरुपुले-बी वीजकेंद्र वारंवार बंद पडत राहिले, तरी नियम मोडला नाही.

कारखानदारीचा राष्ट्रीय उत्पन्नातील वाटा दशकानुदशके ५-६ टक्क्यांच्या आसपासच राहिला. खाणीला यंत्रे लागतात, माणसे थोडी. देशाची बाजारपेठ सुमारे २४ लाख लोकांची, बंदर दूर, आणि सीमाशुल्क संघामुळे दक्षिण आफ्रिकेचा माल शुल्काविना आत येतो. १९८२ च्या अर्थसाहाय्य धोरणाने नव्या उद्योगांना पाच वर्षे, टप्प्याटप्प्याने घटणारे वेतन-अनुदान दिले. अनुदान संपताच कित्येक कारखान्यांना कुलूप लागले, खोटे दावेही झाले. २००१ मध्ये योजना गुंडाळली गेली. दक्षिण आफ्रिकेच्या बाजारावर विसंबलेला राजधानी गॅबोरोनीचा मोटारजुळणी कारखाना २००० मध्ये बंद पडला. २०१६ मध्ये सेलेबी-फिक्वेची तांबे-निकेल खाण बंद झाली आणि पाच हजारांवर लोक बेकार झाले. त्या गावाला दुसरा उद्योगच नव्हता.

हिऱ्यांना पैलू पाडण्याचे काम तेवढे थोडे रुजले. २०१३ मध्ये डी बिअर्सने कच्च्या हिऱ्यांची विक्री लंडनहून गॅबोरोनीला हलवली, ती सरकारने हिरेविक्रीच्या करारात घातलेल्या अटीमुळे. भारतीय व्यापाऱ्यांनीही तिथे कारखाने काढले. पण सुरतेच्या मानाने कॅरेटमागे मजुरी बरीच जास्त पडते; म्हणून मोठे खडे तिथे घडतात, बारीक माल सुरतेला येतो.

निर्यातीत हिऱ्यांचा वाटा सुमारे ८० टक्के आहे. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडल्यावर २०२४ मध्ये अर्थव्यवस्था आकसली आणि त्याच वर्षी ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष निवडणूक हरला. फेब्रुवारी २०२५ च्या करारानुसार खाणींतील उत्पादनापैकी सरकारी ओकावांगो कंपनी स्वतः विकणार असलेला हिस्सा ३० टक्क्यांवर गेला. पाच वर्षांनंतर तो ४० टक्के व्हायचा आहे आणि दहा वर्षांनी करार वाढवला तर ५० टक्के.