मकाव : वीण व अंडी

मध्य व दक्षिण अमेरिकेतील लांब शेपटीच्या, भडक रंगांच्या मोठ्या पोपटांना मकाव म्हणतात. मराठीत मकाव, मकाऊ, मॅकॉ अशी रूपे रूढ आहेत. हा शब्द पोर्तुगीज ‘मकाउ’वरून आला. त्याचे मूळ मात्र वादग्रस्त आहे. काही जण तो ‘मकाउबा’ या ताडवर्गीय झाडाशी जोडतात, कारण त्याची फळे हे पक्षी खातात. काही जण तुपी या ब्राझीलमधील आदिवासी भाषेतील एका पक्षिनामाशी. चीनच्या किनाऱ्यावरील मकाव शहराशी लावलेला संबंध नामसाम्यापलीकडे जात नाही. ‘आरा’ हे प्रजातीनाम तुपी भाषेतील असून ते पक्ष्याच्या ओरडण्याचेच अनुकरण असावे.

मोठे मकाव साधारण पाच ते सात वर्षांचे झाल्यावर विणीला येतात. लहान जाती त्याआधी. जोडी दीर्घकाळ टिकते. नर-मादी दिसायला सारखेच असल्याने लिंगनिश्चिती पिसातील किंवा रक्तातील डीएनए तपासून करतात. एकमेकांची पिसे साफ करणारे दोन पक्षी जोडपे समजून पाळावेत, तर दोन्ही माद्या निघतात आणि घरट्यासाठी ठेवलेल्या पेटीतली सगळी अंडी अफलित राहतात.

घरटे जुन्या झाडाच्या ढोलीत असते. लियर मकाव व लाल कपाळाचा मकाव प्रामुख्याने कड्यांच्या कपारीत वीण घालतात. मादी एक ते चार पांढरी अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते. आपल्या राघूच्या चार-सहा अंड्यांपुढे ही संख्या लहानच. अंडी मादी उबवते आणि नर तिला भरवतो. निळ्या-पिवळ्या व लाल मकावांत हा काळ सुमारे चार आठवड्यांचा असतो. पिल्ले आंधळी व जवळजवळ पिसेविरहित जन्मतात. ती सुमारे तीन महिन्यांनी, तर निळ्या हायासिंथ मकावाची साडेतीन महिन्यांच्या आसपास ढोली सोडतात. मादी पहिल्या अंड्यापासूनच बसत असल्याने पिल्ले मागेपुढे फुटतात. त्यामुळे उशिरा फुटलेले पिल्लू बहुधा उपाशी मरते. पेरूच्या तांबोपाता भागात अशी पिल्ले दुसऱ्या घरट्यात दत्तक देण्याचे प्रयोग झाले आहेत. त्याच भागात मकाव नदीकाठच्या दरडींची माती खातात. विषारी बियांवर उतारा म्हणून ते माती खातात, हे मत जुने. सोडियमच्या तुटवड्याचे कारण आता अधिक पटणारे वाटते, कारण मातीवरची गर्दी पिल्ले वाढवण्याच्या दिवसांत वाढते.

अडचण अंड्यांची नसून ढोलीची आहे. ब्राझीलच्या पांतानाल प्रदेशात हायासिंथ मकावाची बहुतेक घरटी मांदुवी या एकाच जातीच्या झाडात असतात आणि पुरेशी मोठी ढोली तयार व्हायला त्या झाडाचे वय निदान साठ वर्षे लागते. मांदुवीच्या बिया प्रामुख्याने टूकन हा मोठ्या चोचीचा पक्षी पसरवतो. हाच टूकन मकावाची अंडीही खातो. शत्रू हटवला तर घरच नाहीसे व्हायचे. १९९० पासून तेथे लाकडी पेट्या टांगून व जुन्या ढोल्या दुरुस्त करून संवर्धन चालू आहे.

माणसाने मकावाची पैदास प्रथम केव्हा केली, हा प्रश्न सुटलेला नाही. मेक्सिकोतील पाकिमे (कासास ग्रांदेस) येथे चार्ल्स दी पेसो यांनी १९५८ ते १९६१ या काळात केलेल्या उत्खननात मातीचे खुराडे, त्यांना बसणारी दगडी वाटोळी दारे आणि लाल मकावांचे तीनशेहून अधिक सांगाडे सापडले. या पक्ष्याचे मूळ अधिवास तेथून शेकडो किलोमीटर दक्षिणेला आहेत. दी पेसो यांनी या वसाहतीचा भराचा काळ सुमारे १०६० ते १३४० मानला. पुढे तो १२०० ते १४५० असा सरकवण्यात आला व तोच आता ग्राह्य धरतात. हाडांच्या समस्थानिक परीक्षणातून (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वजनांच्या अणूंचे प्रमाण मोजून) बरेच पक्षी मक्यावर, म्हणजे तेथेच, वाढल्याचे दिसते. पैदास तेथेच होत होती याला हा भक्कम आधार आहे. मात्र उत्तरेकडे, अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातील चाको दरीतल्या प्वेब्लो बोनितो या जुन्या वसाहतीतील काही मकावांची हाडे २०१५ च्या कार्बन कालमापनानुसार इ.स. ९०० च्या आसपासची, म्हणजे पाकिमेच्या आधीची ठरली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएनए अभ्यासात त्या भागातले पक्षी मातृवंशाने एकमेकांच्या अगदी जवळचे आढळले. त्यावरून मधल्या प्रदेशात आणखी जुने पैदासकेंद्र असावे असा तर्क मांडला गेला. ते स्थळ सापडलेले नसल्याने येथे हा तर्क शक्यता म्हणूनच नोंदवला आहे.

आता आपल्याकडचे, बडोद्यापुरते पाहू. बडोदे हे नाव ‘वटोदर’, म्हणजे वडाच्या पोटातील गाव, यावरून आले असे सर्वसाधारणपणे मानतात. येथील जुन्या वडांच्या ढोल्यांत आणि वाड्यांच्या भिंतींतील भोकांत राघू घरटी करतात. मकावाला तेवढी जागा पुरणार नाही. कमाटीबागेतील प्राणिसंग्रहालय सयाजीराव तिसरे यांच्या काळात, १८७९ मध्ये सुरू झाले. गायकवाडी दरबारात पाहुण्यांपुढे चांदीची चिमुकली सायकल चालवणाऱ्या व छोटी तोफ डागणाऱ्या पोपटांचे खेळ होत. त्यावरून तेथे मकावांची पैदास होई असा निष्कर्ष काढू नये. पोपट शिकवणे आणि पोपटाची वीण घेणे या निराळ्या विद्या आहेत. खासगी पैदास करणाऱ्यांसाठी येथील उन्हाळा कसोटीचा, कारण मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि उन्हातली पत्र्याची पेटी भट्टीसारखी तापते. जाड लाकडाची, सावलीत टांगलेली पेटी बरी. मादी तिचे लाकूड चोचीने कुरतडून त्याच भुशावर अंडी घालते. कॅल्शियम किंवा ‘ड’ जीवनसत्त्व कमी पडल्यास अंडे आत अडकून मादी दगावू शकते.

राघू पाळण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार बंदी आहे. मकाव विदेशी असल्याने पाळता येतो. पण २०२२ ची दुरुस्ती व २०२४ चे नियम यांनुसार त्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर करावी लागते आणि पिल्लांचा जन्मही कळवावा लागतो.