कुंडलिका नदीतील उन्हाळी कयाकिंग

कुंडलिका ही रायगड जिल्ह्यातील पश्चिमवाहिनी नदी. भिऱ्याच्या परिसरात सह्याद्रीच्या पायथ्याशी सुरू होऊन कोलाड, रोहा असा प्रवास करीत ती रेवदंडा-कोर्लईपाशी अरबी समुद्राला मिळते. फाल्गुन ते वैशाख या काळात मुंबईकराला खळाळत्या पाण्यात कयाक, म्हणजे एकट्याने वल्हवायची छोटी अरुंद होडी, चालवायची असेल, तर त्याची पावले साहजिकच इकडे वळतात. कोलाड मुंबईपासून सुमारे १२० कि.मी. अंतरावर, मुंबई-गोवा महामार्गावर आहे. खुद्द मुंबईतल्या मिठी, दहिसर, पोईसर, ओशिवरा या नद्यांत होळीच्या सुमारास जे वाहते, त्यात कोणी होडी घालणार नाही.

हिमालयात वसंत म्हणजे बर्फ वितळण्याचा आणि नद्या फुगण्याचा काळ. सह्याद्रीत याच्या नेमके उलट घडते. जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो, तीव्र उतारावरून तो झरझर खाली जातो आणि मार्चपर्यंत बहुतेक ओढ्यांत डबकी तेवढी उरतात. कुंडलिका याला अपवाद ठरते, आणि हा अपवाद माणसाने घडवलेला आहे. घाटमाथ्यावरची मुळा नदी एरवी भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागराकडे जाते. मुळशी धरणात अडवलेले तिचे पाणी घाटाखाली सुमारे ५०० मी. उतरवून भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. खोपोली (१९१५) आणि भिवपुरी (१९२२) यांच्यानंतर १९२७ मध्ये सुरू झालेले हे टाटांचे तिसरे जलविद्युत केंद्र. वीज मुंबईकडे जाते, वापरलेले पाणी कुंडलिकेत येते. एप्रिलमध्ये कयाकखाली उसळणारी लाट म्हणजे गेल्या श्रावणात मावळात पडलेला पाऊस असतो. त्या धरणाखाली जमिनी गेल्या म्हणून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह झाला. नदीच्या या अर्ध्या कृत्रिम प्रवाहाची गोष्ट सांगताना तो वगळता येत नाही.

यामुळे इथल्या पाण्याचा अंदाज आभाळाकडे पाहून बांधता येत नाही. तो ठरतो वीजनिर्मितीच्या वेळापत्रकावर. भिऱ्याचे पाणी खाली रवाळजे येथे पुन्हा अडवले जाते आणि तिथून साधारणपणे सकाळी नदीत सुटते. म्हणून काठावरचा पहिला प्रश्न असतो, ‘पाणी सुटलं का?’ सुटण्याआधी पात्रात गोटे उघडे दिसतात. मग थोड्याच वेळात तेच पात्र भरून वाहू लागते आणि काही तासांनी पुन्हा ओसरते. उशिरा पोहोचलेल्याला खडकांवर होडी घासत जावे लागते, आणि मुंबईहून पहाटे न निघणारे बहुतेक जण उशिराच पोहोचतात. कपडे धुणाऱ्या किंवा पोहायला उतरलेल्या अनोळखी माणसाला ही अचानक वाढ धोक्याची ठरू शकते. गावकऱ्यांना वेळा पाठ असतात, त्यांनाच विचारावे.

राफ्टिंगचा, म्हणजे हवा भरलेल्या रबरी तराफ्यातून (राफ्टमधून) जाण्याचा, रूढ टप्पा साजे ते कामत असा सुमारे १२ कि.मी.चा आहे, आणि कयाकवालेही बहुधा तोच धरतात. प्रवाहाचा अवघडपणा मोजणाऱ्या सहा श्रेणींच्या आंतरराष्ट्रीय मोजपट्टीवर इथले खळाळ साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीत बसतात. मोठ्या राफ्टला जी लाट हलका हिसका देते, ती एकट्याच्या कयाकला सहज उलटवते. त्यामुळे आधी संथ पाण्यात ‘रोल’, म्हणजे उलटलेली होडी आतूनच कमरेच्या झटक्याने सरळ करणे, जमले पाहिजे. दुसरे कसब ‘एडी’ ओळखण्याचे. खडकाच्या आड पाणी उलटे फिरून जी निवांत जागा तयार होते, तिथे वळून दम खाता येतो आणि पुढचा उतार निरखता येतो. हे न शिकता नुसते वल्हे मारणारा प्रवाहावर स्वार होत नाही, प्रवाहाबरोबर वाहत जातो.

पाण्यात पडल्यास उताणे होऊन पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे आणि वाहत्या पाण्यात उभे राहण्याचा मोह टाळायचा, कारण दगडांच्या फटीत पाऊल अडकले की पाण्याचा जोर माणसाला खाली दाबून धरतो. बंधाऱ्यांपासून तर दूरच राहावे. वरून निरुपद्रवी दिसणाऱ्या सरळ भिंतीच्या पायथ्याशी पाणी जागच्या जागी घुसळत राहते आणि पडलेल्याला पुन्हा पुन्हा आत ओढते. हेल्मेट आणि अंगाला घट्ट बसणारे लाइफ जॅकेट यांना पर्याय नाही. चैत्र-वैशाखात उन्हाचा त्रासही कमी नसतो: डोके भिजलेले असल्याने तहान कळत नाही.

जूनमध्ये पाऊस लागला की हे सारे गणित मोडते. ओढ्यांचे गढूळ पाणी, वाहून आलेली झाडे आणि धरणाचा विसर्ग एकत्र येतात, नेहमीच्या एडी बुडून जातात आणि उन्हाळ्यात ओळखीची झालेली नदी पुन्हा अनोळखी होते.