श्रीलंका : प्राचीन स्थळे आणि समुद्रकिनारे

श्रीलंकेची जुनी नगरे बेटाच्या मध्य-उत्तर भागात आहेत, तर नावाजलेले किनारे दक्षिण, नैर्ऋत्य आणि पूर्वेला. सात-आठ दिवसांत दोन्ही किनारे उरकण्याचा हट्ट धरू नये. रस्ते चांगले असले तरी अरुंद आणि वर्दळीचे आहेत. तासाला ४० कि.मी. धरूनच आखणी करावी.

ऋतू आधी ठरवावा. तूर घरात येऊन कापसाची वेचणी आटोपली की फेब्रुवारी-मार्चमध्ये निघणाऱ्यांना गाले, उनवटुना, मिरिस्सा हा दक्षिण किनारा शांत मिळतो. शाळेच्या सुट्ट्या पाहून मेमध्ये गेल्यास तिथे नैर्ऋत्य मोसमी पाऊस सुरू होतो आणि समुद्र खवळतो. तेव्हा पूर्वेकडील त्रिंकोमाली-निलावेली गाठावे.

अनुराधपुराला किमान दोन दिवस द्यावेत. सम्राट अशोकाची कन्या भिक्खुणी संघमित्रा थेरींनी बोधगयेहून आणलेली बोधिवृक्षाची फांदी इ.स.पू. तिसऱ्या शतकात येथे लावली गेली. तोच जय श्री महाबोधी. नागपूरच्या दीक्षाभूमीवरील बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपुराहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला आहे, त्यामुळे विदर्भातल्या उपासकांना हे स्थान परके वाटत नाही. जेतवन स्तूप मुळात सुमारे १२२ मी. उंच होता, तोही विटांचा. भंडारा जिल्ह्यातील पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर स्तूपाचे केवळ अवशेष पाहिलेल्याला उभा स्तूप केवढा असतो ते इथे कळते. आवारात चप्पल आणि टोपी चालत नाही. दुपारी फरशी इतकी तापते की प्रदक्षिणा अर्धवट सोडावी लागते. सकाळी लवकर जावे, पांढरे मोजे सोबत ठेवावेत. खांदे-गुडघे झाकलेले असावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढणे तिथे अपमान समजला जातो.

सिगिरिया हा राजा काश्यपाचा (इ.स. ४७७–४९५) खडकावरचा राजवाडा. चढायला सुमारे १,२०० पायऱ्या आहेत आणि वरच्या टप्प्यातला लोखंडी जिना अरुंद आहे. दार उघडताच चढायला लागावे. कड्याला आग्या माश्यांची मोहोळे असतात व आरडाओरड्याने त्या उठतात, म्हणून शांतता राखण्याच्या पाट्या गांभीर्याने घ्याव्यात. भित्तिचित्रांचे फोटो काढायला बंदी आहे.

जवळच दांबुल्लाची पाच लेणी आहेत. पोलोन्नरुवा या जुन्या राजधानीतील गल विहारात असलेली बुद्धाची सुमारे १४ मी. लांबीची शयनमूर्ती चुकवू नये. बुद्धाचा दात जतन केलेल्या कँडीच्या दंतधातू मंदिरात पूजेच्या वेळीच गर्भगृहाचे दार उघडते. वेळ आधी विचारून घ्यावी. पौर्णिमेला, म्हणजे पोयाच्या दिवशी, सार्वजनिक सुटी आणि मोठी गर्दी असते.

शाकाहारी मंडळींनी भाजी मागताना ‘उंबलकड’ नको असे सांगावे. ही सुक्या मासळीची भुकटी नारळाच्या चटणीतही घालतात.

गालेचा किल्ला पोर्तुगिजांनी सुरू केला आणि डचांनी १६६३ नंतर आजच्या रूपात वाढवला. तटावरून तासाभरात फेरी होते. पाण्यात उतरताना मात्र विहिरीत, वैनगंगेच्या डोहात तरबेज झालेल्यांनीच जास्त जपावे. किनाऱ्यावर आलेले पाणी एखाद्या चिंचोळ्या पट्ट्यातून जोराने आत परतते. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून तोच भाग सुरक्षित वाटतो आणि माणूस नेमका तिथेच उतरतो. ओढ लागली तर तिच्याविरुद्ध पोहू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यावे, मग लाटांबरोबर परत फिरावे. लाल बावटा असल्यास पाण्यात जाऊच नये.